भिंतीला न लागता

"तुला लाज नाही वाटली?" मार्लिसने फोनवर सरळच विचारलं.

पलीकडे रस्टी होता, तिच्या भावाच्या बोलिंग संघातला गडी. तो चाचरत म्हणाला की गंमत होती, सगळेच एकमेकांना पाठवत होते. ते मेलं कोडं त्यानेच तिच्या भावाला, डेलला पाठवलं होतं. आणि डेल, हा दीडशहाणा, त्याने ते स्वतःच्या बापापुढे उघडून ठेवलं होतं.

बाप ऑर्विल म्हणजे अमेरिकेतल्या डलूथच्या गोदीवर एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. दोन्ही बाजूंना वीतभरच जागा असली तरी कडेला न घासता भार जहाजात उतरवायचा. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी मग कॉम्प्युटरवरचा एक साधा खेळ लावून दिला. माउसने निळा ठिपका वाटेवरून न्यायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. म्हातारा रोज सकाळी तासभर बसायचा. बोटं उघडायला लागली होती. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं खरं, पुढे अवघड आहे, असं बाईंनी बजावलं होतं.

सोमवारी डेलने हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं कोडं लावलं आणि आवाज वाढवून ठेवला. तिसऱ्या टप्प्याला वाट दोऱ्याएवढी होते. ऑर्विल पडद्याला नाक लावून, श्वास रोखून ठिपका नेत होता. एकदम पडदाभर सडका चेहरा आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी. तो खुर्चीसकट मागे पडला. उजवा हात छातीशी आवळला गेला, तो शनिवार उजाडला तरी सुटला नव्हता.

डेलने रडून माफी मागितली. ऑर्विलने डाव्या हाताने पाटीवर लिहिलं, "कुणी पाठवलं?" पुसलं, आणि पुन्हा तेच लिहिलं. गोदीवर अपघात झाला की क्रेनवाल्याला खालून चुकीचा इशारा कुणी दिला हे आधी शोधायचे. नाव कळल्याशिवाय क्रेनवाला परत वर चढत नसे. मार्लिसला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तिने बापाला शब्द दिला, की सुरुवात जिथून झाली त्या माणसाचं नाव आणून देते. तोवर तो माउसला हात लावणार नव्हता.

डलूथकडचे लोक तोंडावर कुणाला वाईट बोलत नाहीत. शेजारणीचं जेवण घशाखाली उतरलं नाही तरी "वेगळंच झालंय हं" म्हणतात आणि हसून ताट पुढे सरकवतात. मार्लिस त्यातली नव्हती. रस्टीला तिने हलकट म्हटलं, नालायक म्हटलं, आणि त्याला ते कुणी पाठवलं होतं तेही वदवून घेतलं. त्याची वहिनी, कोरिन. मार्लिसने तिलाही सोडलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा जीव गेला असता म्हणजे तुम्ही काय केलं असतंत, असं विचारलं. कोरिन रडायला लागली. तिने नाव सांगितलं ते ऐकून मार्लिसला आणखीच चेव आला.

बर्निस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हीच बर्निस ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. हूं की चूं न करणारी बाई, आणि तिचे हे धंदे!

मार्लिसने फोन लावला आणि श्वास न घेता सगळं ऐकवलं. बापाचा हात, पाटी, सगळं. असल्या माणसांना घरात आईबाप नसतात का, असंही विचारलं. बर्निसने मधे एकदाही तोडलं नाही.

"मी एकट्या कोरिनला पाठवलं होतं," शेवटी ती म्हणाली. "एवढी घाबरले ती मी एकटीच, की कुणीही घाबरलं असतं, हे विचारायला."

"आणि तुला कुणी पाठवलं?"



"तूच की, मार्लिस. ऑफिसात माझ्या खुर्चीमागे तुम्ही चौघी उभ्या होतात. माझ्या मांडीवर गरम कॉफी सांडली. सगळ्यात मोठ्याने तू हसत होतीस."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते. वेगळंच आहे हं, म्हटलं होतं."

मार्लिसने फोन ठेवला. तिला रोज असले दहा-बारा मेल यायचे. उघडायचं, हसायचं, पुढे ढकलायचं आणि विसरून जायचं. हे तिला कुणाकडून आलं होतं तेही आता आठवत नव्हतं. राग अजून अंगात तसाच उसळत होता, फक्त आता तो काढायला कुणी उरलं नव्हतं.

ऑर्विल स्वयंपाकघरात बसला होता. तिला बघताच त्याने पाटी उचलून तिच्याकडे फिरवली. रस्टीचं नाव सांगितलं तरी खपलं असतं. बर्निसचं तर सहज खपलं असतं, ती काही बोलली नसती. मार्लिसने पेन्सिल घेतली आणि प्रश्नाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

ऑर्विलने ते वाचलं. तिच्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग पाटी न पुसता त्याने ती कॉम्प्युटरशेजारी उभी करून ठेवली, खुर्ची ओढली, आणि डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट सोडवून माउसवर ठेवायला लागला.