मुकेशची बॅटरी

कुऱ्हाड खाली ठेवायला बाबाराव तयार नव्हते.

"पुन्हा सांग," ते कुंदनला म्हणाले. "माह्या पोराले डुक्कर फाडून राह्यलं होतं, तवा तू कुठं होता?"

कुंदन ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचं शेत बाबारावांच्या शेताच्या धुऱ्याला लागून, त्यामुळे हरभऱ्याची रात्रीची जागल तो आणि मुकेश जोडीनेच करत. गेल्या महिन्यात रानडुकराने मुकेशला मांडीपासून पोटापर्यंत फाडलं, तेव्हा जवळ हा एकटाच होता. तीन घाव. आतडी दोन्ही हातांनी आत दाबत मुकेश धुऱ्यापर्यंत सरपटत आला आणि तिथेच संपला. तिथलं रक्त म्हाताऱ्या बापाने स्वतःच्या हाताने माती लोटून झाकलं होतं.

"काका, बॅटरी मरतुकडी. काईच दिसे ना. दोन डोळे चमकले, अन् लगेच मुकेश बोंबलला."

"डुकराचे डोळे चमकत नाईत." बाबाराव एक पाऊल पुढे सरकले. "गाईचे चमकतेत, रोह्याचे चमकतेत. डुकराचे नाई. साठ वर्षं रानात गेले माहे. तू खोटं बोलून राह्यला!"

कुऱ्हाड वर गेली.

"मामाजी!" मुकेशची बायको सोनम मधे घुसली. डोक्यावरचा पदर सावरायचंही तिला भान नव्हतं. सासऱ्याच्या हातातला दांडा तिने धरला. पातं तिच्या मनगटाला लागलं, रक्त आलं, तरी तिने सोडला नाही.

"कुंदनभाऊले मारून तुमचा पोरगा वापस येणार हाय काय? पयले ही बॅटरी पाहा, मंग मारा."

बॅटरी मुकेशनेच घरी केलेली. प्लास्टिकच्या पाइपात जुन्या लॅपटॉपचे सेल, तोंडाशी तीन एलईडी. सोनमने दोघांनाही गुरांच्या कोठ्यात नेलं, दार लावलं आणि कुंदनला पार टोकाला पाठवून बटण दाबलं. पिवळट उजेड चार पावलांत मेला.

"समोर काय हाय, मामाजी?"

"पोतं. कुटाराचं."

"पोतं नाई, काका. मी हाय."

म्हाताऱ्याच्या हातातून कुऱ्हाड गळाली. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथे तर दिव्यासमोरच अंधार होता. असल्या उजेडात भेदरलेल्या माणसाला काय दिसणार आणि तो काय सांगणार? बाबाराव भिंतीला धरून खाली बसले. महिनाभर अडवून धरलेलं रडू एकदाचं बाहेर पडलं.

तासाभराने सोनम ओसरीवर बॅटरी खोलून बसली. जास्त उजेडाच्या एलईडी तिने आठ दिवसांपूर्वीच सेलूच्या बाजारातून आणून ठेवल्या होत्या.

"विळा द्या, कुंदनभाऊ."

कुंदनने कमरेचा विळा काढून दिला. त्याच्या टोकाने तिने तारा सोलल्या, जुन्या एलईडी उपटून फेकल्या, नव्यांना कथलाचा डाग दिला. मधेच उठून चहा केला. बाबारावांना गोड, कुंदनला न विचारताच बिनसाखरेचा.

"हे अगुदर केलं असतं तं..." बाबारावांनी कप खाली ठेवला.

"पुन्हा तसं नाई होणार, मामाजी."

तिने बटण दाबलं. भर दुपारी समोरची भिंत पांढरीफटक झाली. भिंतीवरची मुंगीन् मुंगी दिसत होती. म्हातारा बघतच राहिला. मग त्याने कुंदनपुढे हात जोडले.

"माफ करजो, बाप्पा. आज जागलीले मी येतो तुह्यासंगं. हरभऱ्याचे घाटे भरत आले, वावर असं सोडता येत नाई."

"राहू द्या, काका. या वयात कायले..."

"येतो म्हटलं ना!"

बाबारावांनी कोठ्यातून आणलेली कुऱ्हाड कोपऱ्यात टेकवून ठेवली. आता तिचं काही काम उरलं नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला होता. घोंगडी काढायला ते आत गेले.

सोनमने बॅटरीचं झाकण फिरवून घट्ट केलं. विळ्याचं पातं पदराला पुसलं आणि विळा कुंदनच्या हातात दिला.

"आता तुले चांगलं दिसते," ती हळूच म्हणाली. "या खेपेले एकाच घावात कर. अन् उद्या ते डोळ्यायचं सांगू नको."