उंदराचं मत

“हात मागे घे,” हेरंब म्हणाला. “तू जवळ आलीस की त्याची छाती धडधडते.”

शलाकाने पडद्याकडे पाहिलं. उंदराच्या कातडीखाली तिळाएवढा बिनतारी संवेदक होता. त्याने पाठवलेले ठोके पडद्यावर लाल झाले होते. अंतराळस्थानकाचा नियम साधा होता. प्राणी ज्याच्याजवळ शांत राहील, त्याच्याच ताब्यात तो द्यायचा.

“माझे हात कापताहेत, म्हणून घाबरलाय तो. आणि ते तुझ्यामुळे कापताहेत. हाडं तपासायला तू आज त्याला मारणार आहेस.”

“हो. मग?”

“त्याला जिवंत परत पाठवता येईल, हेरंब. पुढच्या यानात जागा आहे.”

“तुझी कीव तुझ्याजवळ ठेव. त्याने त्याचं मत दिलंय. बाहेर हो.”

ती दारापर्यंत सरकली, पण तिथेच थांबली. हेरंबने उंदराला अलगद मुठीत घेतलं आणि अंगठ्याने त्याची मान खाजवली. पडद्यावरचा लाल रंग निवळून हिरवा झाला. मग त्याने दुसऱ्या हाताने सुई टोचली.

शेवटच्या ठोक्यापर्यंत रंग हिरवाच राहिला.