बॅटरी आत आण

मेव्हणीच्या पेनड्राइव्हमधली गाणी गाडीत उतरवून घेण्यात शार्शेनचा सगळीकडून फायदाच होता. डोंगरातल्या अतबाशी गावापासून राजधानी बिश्केकपर्यंत सवाऱ्यांची ने-आण करायची म्हणजे दिवसच्या दिवस रस्त्यावर. आता गाण्यांतून त्याची बायको बुरुल सोबत असणार होती. जिवंतपणी ती एकदाही आली नाही, गाडी लागायची तिला. शिवाय घरात, तिच्या रिकाम्या जागेसमोर बसून ऐकायला नको. आणखी एक फायदा होता, तो मात्र त्याने कुणापाशी बोलून दाखवला नाही.

"दाजी, तुमच्यापुरती उतरवून घ्या, माझी तशीच राहू द्या हं," पेनड्राइव्ह हातावर ठेवताना जिपार म्हणाली. मागच्या हिवाळ्यात बहीण लोकरी जाजम शिवत गात बसली होती, तेव्हा हिनेच फोनवर भरून घेतलं होतं. "फोन तर नदीत गेला. ताईचा आवाज म्हणून आता एवढाच आहे."

"राहील गं. मी काय खाणार आहे तो?"

"तुमचं काय सांगावं! ताईच्या पानातली साय कधी सोडलीत का?" ती हसली, मग तिला हसणं निभेना. "उद्या सकाळी आईला घेऊन येते. तिने अजून ऐकलेलं नाही."

मेव्हणी गेली तशी शार्शेनने अंगणातल्या गाडीत बसून दार लावून घेतलं. गाडीतला गाणी वाजवणारा पडदा, म्हणजे स्क्रीन, त्याने उन्हाळ्यात बाजारातून बसवून घेतला होता. विकणाऱ्याने इमानदारीत सांगितलं होतं, "भाऊ, स्वस्तातला माल आहे. बॅटरीची तार सुटली की आतलं सगळं विसरतो." भर उन्हाळ्यात बॅटरी सोडवतो कोण? शार्शेनने तेवढ्या खोडीवर आणखी भाव पाडून घेतला होता, आणि कित्येक दिवस ते सवाऱ्यांना ऐकवलं होतं.

निळी रेघ रखडत रखडत टोकाला गेली. गाणी उतरली. मग त्याने पेनड्राइव्हमधली गाणी पुसली. हात जरासा अडला, नाही असं नाही. पण उद्या जिपार ती गावभर वाटणार, लग्नाकार्यात कुणीही लावणार, खाता खाता ऐकणार. बायको कुणाची होती? ज्याला ऐकायचं त्याने माझ्या गाडीत येऊन बसावं, माझ्या परवानगीने.

पुसलेला पेनड्राइव्ह खिशात टाकून त्याने पहिलं गाणं लावलं.

बुरुल गाऊ लागली. वरच्या पट्टीत आवाज फाटायचा, तसाच फाटला. मागे जाड लोकरीतून दोरा ओढल्याची खरखर. कुत्रं भुंकलं, आणि गाणं मध्येच थांबलं.

"अहो, आभाळ मोकळं झालंय. आज गोठणार सगळं. बॅटरी आत आणलीत का?"

"आणतो गं. गा तू." हा त्याचाच आवाज, मागच्या हिवाळ्यातला.

"गा तू म्हणे! सकाळी ढकलायला मलाच बोलावता." आणि गाणं पुढे सुरू.

शार्शेनने काचेतून वर पाहिलं. आभाळ खरंच मोकळं झालं होतं. शेजारीपाजारी मेंढ्यांची कोवळी पिल्लं घरात नेत होते. या भागात थंडी उतरली की पिल्लू आणि बॅटरी दोन्ही चुलीपाशी जातात. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं, हातच करतात.

"आणतो गं," तो मोठ्याने म्हणाला.

गाणं संपेपर्यंत ऐकलं, पाना घेतला, तारा सोडवल्या, आणि बॅटरी पोटाशी धरून घरात नेली. चुलीजवळ तिने शिवलेल्या जाजमाच्या तुकड्यावर ठेवली. ती गेल्यापासून इतकी गाढ झोप त्याला पहिल्यांदाच लागली.

सकाळी त्याने बॅटरी परत बसवली, आणि आळीत त्याची एकट्याचीच गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. शेजारचा कुबात आपल्या थंडगार गाडीच्या नाकावर थाप मारत ओरडला, "बायको गेली, पण तुला लावलेलं वळण नाही गेलं बघ! नशीबवान आहेस लेका."

शार्शेन हसला. हसता हसताच त्याची नजर पडद्यावर गेली. पडदा विचारत होता: भाषा कोणती? आज तारीख काय?

त्याने भाषा सांगितली. तारीख सांगितली. मग गाण्यांचा खण उघडला. आत काही नव्हतं.

त्याने इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा किल्ली फिरवणार तोच फाटक वाजलं. जिपार आईला दंडाला धरून बर्फातून आणत होती. म्हातारीने ठेवणीतला पांढरा रुमाल बांधला होता, वर जाड शाल. जावयाच्या शेजारी ती सावकाश बसली, काठी पायाशी ठेवली.

"लावा ना दाजी," जिपार उघड्या दाराशी उभी राहून म्हणाली.

शार्शेन बटणं दाबत राहिला.

"बिघडलाय का पडदा? मग माझ्या पेनड्राइव्हवरून लावा."

त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. जिपारने त्या खिशाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिचा हात तोंडावर गेला.

फायद्यात शार्शेनला वाटेकरी नको होता. तोट्यात तीन निघाले, आणि तिसरीला अजून पत्ता नव्हता.

"होऊ दे रे तुझं सावकाश," म्हातारी म्हणाली. "मला काही घाई नाही." तिने शालीची गाठ सोडली, रुमाल मागे सारला, आणि एक कान मोकळा करून पडद्याच्या बाजूला वळवला. दार लावायचं कुणाला सुचलं नाही. त्या थंडीत कानाची पाळी आधी लाल झाली, मग हळूहळू पांढरी पडत गेली. तिने रुमाल पुढे ओढला नाही.