उरलेल्या खुंट्या

“वजन उतरेल, मनही रमेल,” डॉक्टर म्हणाल्या, म्हणून मी सासूबाईंना साल्सा नाचाच्या वर्गाला नेलं. माझ्या नवऱ्याचं जहाज बेपत्ता झाल्यापासून त्यांनी हसणंच टाकलं होतं. शोध थांबवल्याचं मला सकाळीच कळलं होतं. त्या जरा हसल्या, की सांगणार होते. शिक्षिकेने दोन लाकडी टिपऱ्या टकटक वाजवल्या. “हा ताल क्यूबाच्या बंदरातला. तिथले मजूर म्हणे जहाजाच्या फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या अशा वाजवायचे.” सगळ्यांनी ठेका धरला. सासूबाई मात्र थबकल्या. “खुंट्याच काढल्या, तर जहाज टिकेल कसं गं?” “अहो काकू, त्या जहाज बांधून उरलेल्या खुंट्या! जहाज भक्कमच असायचं.” सासूबाई खुदकन हसल्या. “ऐकलंस, सूनबाई? उगाच जीव टांगणीला लावला आपण!” त्यांनी बाह्या सरसावल्या. “नीट शिक. आला की त्यालाही नाचवू.” मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी माझे हात धरून पहिलं पाऊल टाकलंही होतं.