उच्चाराचे दहा गुण

‘पानी’ हा शब्द कानावर आला आणि वनमालाबाईंची पेन्सिल थबकली.

रंगमंचावर वर्सोव्याच्या शाळेतली पंधरा मुलं होडी वल्हवतानाचं गाणं म्हणत होती. पेटी नाही, तबला नाही, नुसता पायांचा ठेका. चौऱ्याऐंशी सालची ती समूहगान स्पर्धा. सकाळपासून अकरा शाळा गाऊन गेल्या होत्या, पण घाटकोपरच्या त्या सभागृहात मागच्या रांगेतल्या आयांची कुजबुज थांबली ती आत्ता. पहिला येणारा संघ रेडिओवर गाणार होता. सुराला दहा, तालाला दहा, बाईंनी लिहून टाकले. उरले उच्चाराचे.

शेजारचे परीक्षक मधुकरराव बाईंकडे झुकून हसले. “पानी! ऐकलंत ना, बाई?”

बाईंची कानशिलं तापली. चाळीस वर्षांपूर्वी वर्सोव्याहून अंधेरीच्या शाळेत आलेल्या एका कोळ्याच्या पोरीला सगळा वर्ग ‘ए पानी’ अशी हाक मारायचा. ती पोर वाळत घातलेल्या मासळीच्या आडोशाला बसून ‘ण’ घोकायची. पुढे ‘ण’ आला, नोकरी आली, मुलुंडचं घर आलं. माहेर कुठलं विचारलं की बाई ‘अंधेरी’ म्हणून मोकळ्या होत. आज मुलं म्हणत होती ते गाणं त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं. आई म्हणायची.

मधुकररावांना कळलं तर नसेल? पूर्ण गुण दिले तर विचारतील, का दिलेत?

बाईंनी उच्चारापुढे दोन लिहिले.

वर्सोव्याची शाळा दुसरी आली. तीन गुणांनी पहिला नंबर हुकला. मुलांची शिक्षिका कुंदा टेबलापाशी आली. मागे मुलं उभी.

“आमचं काय चुकलं, बाई?”

“‘ण’ येत नाही तुमच्या मुलांना. शिकवा जरा.”

“शिकवते,” कुंदा खालमानेनं म्हणाली आणि मुलांना घेऊन गेली.

मधुकरराव गुणांचे कागद चाळत होते. “हळहळ वाटते हो. मी उच्चाराला दहाच्या दहा दिले होते. कोळ्यांचं गाणं ते. ‘पाणी’ म्हटलं असतं तर मीच गुण कापले असते.” बाईंचा उतरलेला चेहरा पाहून ते समजुतीनं म्हणाले, “तुम्ही नका मनाला लावून घेऊ. कोळीवाड्यातलं तुम्हाला कुठून ठाऊक असणार!”