डोंगरी गरुडाला उत्तर

“बघ, काय लिहिलंय या गाढवाने!” लेम्युएलने फोन थोरल्या बहिणीच्या नाकासमोर धरला.

मेम्फिसच्या एका वर्तमानपत्राच्या चर्चेच्या पानावर ‘डोंगरी गरुड’ अशा नावाने कुणीतरी लिहिलं होतं : वंशावंशांत फरक असतोच. तुम्हा काळ्या लोकांच्या पायांत चालायचा दमच नाही. बसून खाणारी जमात.

व्हर्डेलने विणकामातून मान वर केली नाही. “सोड रे. कशाला नादी लागतोस असल्यांच्या?”

“सोडू? उभा जन्म इतिहास शिकवलाय मी पोरांना!”

बायको हॅटी गेल्यापासून लेम्युएल खुर्चीतून हलला नव्हता. दाढी नाही, धड जेवण नाही. “असेच बसून राहिले तर यंदाचा नाताळ काही बघत नाहीत,” असं डॉक्टरीणबाईंनी व्हर्डेलला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिचं विनवून झालं, रडून झालं, चर्चच्या बायका आणून बसवून झालं. “मला शहाणपण शिकवू नकोस,” हे एकच उत्तर.

गरुडाला मात्र त्याने उत्तर दिलं. गुलामीतून पळालेले आमचे पणजे पार कॅनडापर्यंत गेले, ते काय तुझे पंख उसने घेऊन? तेवढ्यावर भागेना, म्हणून सकाळी स्वतः नदीपर्यंत चालत गेला आणि फोटो चिकटवला.

“एक दिवस कुणीही चालतं,” गरुड म्हणाला.

झालं! लेम्युएल रोज चालू लागला.

मग गरुडाने नवं काढलं. तुमचे पुरुष बायकोशिवाय उपाशी मरतात, रक्तातच आहे. लेम्युएलने बाजारातून पिशवीभर पालेभाजी आणली, चवळी शिजवली, मक्याचा पाव भाजला. पहिला पाव असा झाला की त्याने खिडकीची काच फुटली असती. तिसरा जमला.

व्हर्डेलने घास घेतला. “हॅटीच्या हातची चव आली रे.”

लेम्युएलने तोंड फिरवून जोरात नाक शिंकरलं. मग दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

पुढच्या आठवड्यात गरुड म्हणाला, “तुम्हा लोकांना पोहता येत नाही. हाडंच जड.”

या वेळी लेम्युएल ओरडला नाही. चष्मा पुसला आणि सावकाश लिहिलं : “मी लहान होतो. आमची पोरं पाण्यात उतरू नयेत म्हणून गावाने पोहण्याचा तलावच बंद केला. कुलूप तुम्ही लावलंत आणि दोष आमच्या हाडांना?”

वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. गरुड मात्र हटेना. “बोलणं सोपं. उतरून दाखव.”

शनिवारी लेम्युएल सार्वजनिक तलावात उभा होता. आजूबाजूला दंडांना फुगे बांधलेली चिल्लीपिल्ली. व्हर्डेल त्याचे कपडे सांभाळत बाकावर बसलेली.

तो निघाला. हात मारले, पाय मारले, अर्धा तलाव पिऊन टाकला. “आजोबा, चला! आजोबा, चला!” पोरांनी गिल्ला केला. पलीकडची कड हाताला लागली तसा तो असा काही गरजला, की तलावावरच्या जीवरक्षकाने दचकून शिट्टीच फुंकली.

“काढलास ना फोटो? टाक त्या गरुडाच्या तोंडावर! मेला आता कायमचा गप्प बसेल.”

“बसला तर करमेल का तुला?”

लेम्युएलने विचार केला. “छे! खरं सांगू? अजिबात नाही.” आणि खो खो हसत, शीळ घालत तो कपडे बदलायला गेला.

एवढ्यात व्हर्डेलचा फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. “तपासण्या छान आल्यात हो! तुम्ही केलंत तरी काय? आता फक्त जेवणातलं मीठ कमी करायला सांगा त्यांना.”

“सांगून ऐकणाऱ्यातला नाही तो,” म्हणत व्हर्डेलने फोन बंद केला. आभाळाकडे बघून “देवा, माफ कर रे बाबा” असं पुटपुटली. मग कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर एक डोळा ठेवून तिने अंगठ्याने लिहायला घेतलं : “पोहलास, कबूल. पण मिठाशिवाय जेवणं तुम्हा लोकांच्या रक्तातच नाही.”