चार ठिकाणी टेकलेला दोरा

"दोरा ताण," अण्णा म्हणाले.

मालनने पुढचं टोक इंजिनाच्या लहान पुलीपाशी धरलं. मागचं टोक अण्णांनी मागच्या चाकाच्या मोठ्या पुलीला लावलं. या दोन पुल्यांवरून फटफटीचा कातडी पट्टा फिरायचा. दोरा प्रत्येक पुलीच्या कडेला दोन-दोन, अशा चार ठिकाणी टेकला तर पट्टा सरळ. एके ठिकाणी जरी फट दिसली, तर पट्टा उडणार. रस्त्यावर उडाला तर माणूस उतरतो, चार शिव्या देतो आणि पुन्हा चढवतो. पण ही फटफटी घाटकोपरच्या जत्रेत, मौतच्या कुव्यात, फळ्यांच्या उभ्या भिंतीवर चालायची. आणि चालवायची मालन.

गेल्या रविवारी पट्टा उडाला होता. मालन अर्ध्या भिंतीवरून घसरत खाली आली. कोपर सोललं, एवढंच. उठून तिने लोकांना सलाम ठोकला. लोकांनी टोप्या उडवल्या. घाबरला तो तिचा नवरा, धाकू, असं सगळी जत्रा म्हणत होती. धाकू फटफटीचा फिटर. त्याने नवा पट्टा घातला आणि तेव्हापासून रोज दोरा लावून एकच सांगत होता, वाकडा आहे. तीन दिवस खेळ बंद.

चौथ्या दिवशी खेळाच्या मालकाने, शेठने, मुलुंडहून अण्णांना आणलं. गिरणीतले पट्टे सरळ करण्यात अण्णांची चाळीस वर्षं गेली होती. जेवणाच्या पंगतीतसुद्धा ते आधी एक डोळा मिटून पानांची रांग बघत. पुतणीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाला 'अर्धा सूत डावीकडे सरक' म्हटलं. तो सरकेपर्यंत मुहूर्त टळला, भटजी रडकुंडीला आले, पण अण्णांनी अंतरपाट काही धरू दिला नाही. अशा माणसाचा शब्द म्हणजे शब्द.

"ऐक धाकू," शेठ म्हणाला, "अण्णा सरळ म्हणाले की तुझी ट्रंक गेटाबाहेर. आणि मालन लगेच वर. कुणाचे पैसे खाल्लेस रे, त्या बोरिवलीच्या खेळवाल्याचे?"

"पट्टो वाकडो आसा," धाकू म्हणाला. तीन दिवसांत त्याने दुसरं वाक्य उच्चारलं नव्हतं.

"बघा अण्णा, नीट बघा," मालन मोठ्याने म्हणाली. "आमच्या ह्यांना हल्ली सगळंच वाकडं दिसतं. माझं नाक तेवढं सरळ राहिलंय!"

तंबूवाले, पाळणेवाले, सगळे खदाखदा हसले. वर सज्जात खेळ बघायला जमलेले लोक पाय आपटत होते. फळ्या हादरत होत्या. धाकूने मान खाली घातली.

अण्णा गुडघ्यावर बसले. डावा डोळा मिटला. सज्जातलं पाय आपटणं थांबलं. मागच्या पुलीवर एक, दोन. पुढच्या पुलीवर तीन. चार. मधे वाळूचा कण जायला जागा नव्हती. इतका सरळ पट्टा अण्णांनी गिरणीतही क्वचित पाहिला होता. म्हणजे धाकू खोटं बोलत होता. तीन दिवस, सगळ्यांसमोर, आपल्या हाताच्या कामाला नावं ठेवत.

अण्णांनी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या चिमटीतला दोरा बारीक थरथरत होता. गाडी बंद. वारा नाही. त्यांनी आपला हात पाहिला. तो स्थिर होता. मग नजर दोऱ्यावरून हळूहळू पुढे नेली, दुसऱ्या टोकापर्यंत. थरथर तिथून येत होती. मालन कुणाच्या तरी टोमण्यावर हसत होती.

"बोला अण्णा!" शेठ ओरडला.

"वाकडा आहे," अण्णा म्हणाले. "दोन सूत."

धाकूने झटकन वर पाहिलं. शेठचा चेहरा पडला. "कुठे? मला तर दिसत नाही."

"दिसत असतं तर मला मुलुंडहून कशाला आणलंत?"

शेठ पाय आपटत लोकांना परत पाठवायला गेला. जमलेले पांगले. अण्णा दोरा गुंडाळत पुढे आले, पण टोक सुटेना. मालनच्या मुठीत ते तसंच आवळलेलं होतं. हसणं कधीच थांबलं होतं. अण्णांनी तिची गार पडलेली बोटं एकेक करून सोडवली.

"पट्टा सरळ आहे, पोरी," तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले. "पण तसं सांगितलं असतं, तर तू चढली असतीस."